फिल्म न्वार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने कृष्णधवल अमेरिकन गुन्हेपट पाहायला लागलं की साधारण हेच प्रश्न पडतात. काहींना एका ओळीचं उत्तर पुरतं, काहींना पुरत नाही. आधीच सांगून ठेवतो: काही चित्रपटांचे शेवट इथे उघड केले आहेत. न्वारच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही. का, ते फ्लॅशबॅकच्या प्रश्नात येईल.

फिल्म न्वार म्हणजे नेमकं काय?

ढोबळमानाने १९४० ते १९५८ या काळात हॉलिवूडमध्ये निघालेले काळोखे, कडवट गुन्हेपट. काही जण याला ‘नॉयर’ही म्हणतात. पण त्या काळातला प्रत्येक गुन्हेपट न्वार नव्हे. साध्या गुन्हेपटात पोलीस चोराच्या मागे लागतात, शेवटी कायदा जिंकतो आणि आपण निर्धास्त होऊन घरी जातो. न्वार आपल्याला चुकणाऱ्या माणसाच्या शेजारी नेऊन बसवतो. हा माणूस बहुधा सराईत गुन्हेगार नसतो. तो विमा एजंट असतो, क्लबात पियानो वाजवणारा असतो, गावाबाहेर छोटासा पेट्रोल पंप चालवणारा असतो. आपण करतोय ते चूक आहे हे त्याला पुरतं कळतं आणि तरीही तो ते करतो. सावल्या, ओले रस्ते, सिगारेटचा धूर, जीवघेणी बाई हे सगळं नंतर येतं.

हे नाव कुणी दिलं?

फ्रेंचांनी. जर्मन ताब्यात असताना फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यात, साठलेले चित्रपट पॅरिसमध्ये एकदम लागले: ‘द माल्टीज फाल्कन’, ‘डबल इंडेम्निटी’, ‘लॉरा’, ‘मर्डर, माय स्वीट’. एकापाठोपाठ एक पाहिल्यावर समीक्षक नीनो फ्रँक यांना त्यांच्यातलं साम्य जाणवलं आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी त्यांना ‘न्वार’, म्हणजे काळे, म्हटलं. १९५५ मध्ये रेमों बोर्द आणि एतिएन शोमतों यांनी या विषयावरचं पहिलं पुस्तक लिहिलं, तेही पॅरिसमध्येच निघालं. ज्यांनी हे चित्रपट बनवले त्यांना आपण ‘न्वार’ बनवतोय याचा पत्ताही नव्हता. स्टुडिओच्या लेखी ते क्राइम पिक्चर किंवा मेलोड्रामा होते.

मग हा स्वतंत्र चित्रप्रकार आहे की नुसती शैली?

यावर अभ्यासक पन्नासहून अधिक वर्षं भांडत आहेत. पॉल श्रेडर यांनी १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हा चित्रप्रकार नसून सूर आहे, वृत्ती आहे, अशी बाजू घेतली. मला ते बरंचसं पटतं. वेस्टर्नला घोडा लागतो, संगीतिकेला गाणं लागतं, तशी न्वारला अमुकच एक वस्तू लागत नाही. डिटेक्टिव्ह नसलेला न्वार आहे, शहर नसलेला आहे, इतकंच काय, रंगीतही आहे. पण ‘सूर’ म्हणून विषय सोडून देता येत नाही, कारण हा सूर दिवे, लेन्स आणि कात्री वापरून ठरवून काढलेला आहे.

इतका अंधार का असतो? तो नेमका कसा साधायचे?

स्टुडिओच्या रूढ पद्धतीत तीन दिवे असत. मुख्य दिवा म्हणजे की लाइट, त्याने पाडलेल्या सावल्या सौम्य करणारा फिल लाइट आणि मागून केसांची, खांद्यांची कडा उजळणारा बॅक लाइट. नायिका देखणी दिसली पाहिजे, डोळे दिसले पाहिजेत, असा सारा हिशेब. न्वारच्या छायालेखकांनी फिल लाइट अगदी कमी केला किंवा सरळ विझवला. त्यामुळे अर्धा चेहरा काळोखात गेला, सावल्यांना धार आली आणि काळा भाग पोकळ न वाटता भरीव वाटू लागला. मुख्य दिवाही नेहमीच्या उंचीवरून खाली आला, बाजूला सरकला. टेबलावरचा एकच दिवा खोली उजळतोय, असा भास त्यातून होतो.

‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) मध्ये विमा एजंट वॉल्टर नेफ पहिल्यांदा डीट्रिक्सन यांच्या घरी येतो तो प्रसंग पाहा. बाहेर कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन आहे. आत दिवाणखान्यात खिडक्यांना आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स आहेत आणि त्यांतून ऊन कापल्यासारखं आत येतं. छायालेखक जॉन साइट्झ यांना त्या उन्हात धूळ दिसायला हवी होती. खरी धूळ कॅमेऱ्यात धड उमटत नाही, म्हणून चित्रीकरणाच्या ऐन आधी हवेत अॅल्युमिनियमचा बारीक कीस उडवला गेला. ते घर बंद, शिळं आणि कुबट वाटतं ते त्यामुळे. त्याच पट्ट्यांच्या सावल्या नेफच्या सुटावर पडतात आणि कैद्याच्या कपड्यांवरच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. खुनाचा विचार अजून त्याच्या मनालाही शिवलेला नाही! हा प्रकार पुढे इतका उचलला गेला की आज जाहिरातीत खिडकीच्या पट्ट्या दिसल्या तरी ‘न्वार लूक’ म्हणतात. साइट्झ यांच्याकडे तो नुसता लूक नव्हता.

दुसरं नाव जॉन ऑल्टन यांचं. जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीतला, मधली काही वर्षं अर्जेंटिनात आणि मग हॉलिवूडच्या स्वस्तातल्या चित्रपटांत. ‘टी-मेन’ (१९४७) मधला स्टीम बाथमधला खून त्यांनी वाफ आणि मोजका प्रकाश एवढ्यावरच उभा केला. ‘द बिग कॉम्बो’ (१९५५) च्या शेवटी विमानतळावर धुकं आहे, मागून एक प्रखर झोत आहे आणि समोर एक पुरुष, एक स्त्री अशा दोन काळ्या आकृत्या. चेहरे नाहीतच. ऑल्टन यांनी प्रकाशयोजनेवर १९४९ मध्ये पुस्तकही लिहिलं. गंमत अशी की त्यांना ऑस्कर मिळालं ते ‘अॅन अमेरिकन इन पॅरिस’ या रंगीबेरंगी संगीतिकेसाठी.

हा अंधार जर्मनांनी आणला, असं ऐकलं होतं. खरं आहे?

अर्धं खरं. १९२० च्या सुमारास जर्मन एक्स्प्रेशनिस्ट चित्रपटांत रंगवलेल्या सावल्या, वाकडी घरं, भेदरलेली माणसं होती. हिटलर सत्तेवर आल्यावर तिथली कितीतरी मंडळी हॉलिवूडला पोहोचली: फ्रिट्झ लँग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक. ओटो प्रेमिंजर आणि एडगर उल्मर हेही त्याच मुशीतले. पण यांतले बरेच जण मूळचे जर्मन नव्हते, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मुलखातले होते. शिवाय कॅमेऱ्यामागे उभी असलेली माणसं वेगळीच. साइट्झ शिकागोचे, तर ‘आउट ऑफ द पास्ट’चे निकोलस मुसुराका इटलीत जन्मलेले. १९३० च्या दशकातल्या फ्रेंच चित्रपटांचा धुकट निराशावादही यात मिसळलेला आहे.

कथांचा तर जर्मनीशी काडीचाही संबंध नाही. त्या आल्या अमेरिकन पल्प मासिकांतून, म्हणजे स्वस्त कागदावरच्या गोष्टींच्या मासिकांतून. ‘ब्लॅक मास्क’ या मासिकात लिहिणारे डॅशिएल हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेले. रेमंड चँडलर तेल कंपनीतली साहेबी गेल्यावर लेखणीकडे वळलेले. यांच्या गोष्टींत खून दिवाणखान्यातल्या कोड्यासारखा होत नाही. पैशासाठी, भीतीपोटी, सूड म्हणून होतो.

पैसे नव्हते म्हणून अंधार, हे कितपत खरं?

बऱ्याच अंशी खरं, आणि ते कबूल करण्यात कमीपणा काहीच नाही. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने एका चित्रपटाच्या सेटसाठी लागणाऱ्या नव्या सामानावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. भिंत अर्धीच उभारली असेल तर उरलेली अंधारात ढकलण्यावाचून गत्यंतर नाही. दुय्यम चित्रपटांचे बजेट तर मुळातच चिमुकले.

उल्मर यांचा ‘डीटूर’ (१९४५) हा याचा अर्क आहे. नायक आणि त्याची प्रेयसी रात्री न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालत जातात, पण न्यूयॉर्क कुठेच नाही. आहे ते धुकं, रस्त्याच्या नावाची पाटी आणि दोन माणसं. सेट नव्हताच, तर दाखवणार काय? तरी या माणसाला आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, एवढं मात्र त्या धुक्यातून पोहोचतं. पुढे हा नायक वाटेत गाड्या थांबवत पश्चिमेला निघतो. प्रवासाची दिशा पडद्यावर एकसारखी राहावी म्हणून यातली काही दृश्यं फिल्म उलटी करून वापरली आहेत. त्यामुळे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंग उजवीकडे येतं. अमेरिकन प्रेक्षकाला ते लगेच खटकतं. आपल्याला खटकत नाही, आपल्याकडे तेच बरोबर!

कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य काय?

वाइड लेन्स, खालून वर पाहणारा कॅमेरा, डोक्यावर येणारं छत, आणि पात्रं कठड्यांच्या, दारांच्या, जिन्याच्या गजांच्या चौकटीत अडकलेली. कॅरल रीड यांच्या ‘द थर्ड मॅन’ (१९४९) मध्ये तर व्हिएन्ना शहरच कललेलं दिसतं. हा ब्रिटिश चित्रपट, पण वृत्तीने अस्सल न्वार. त्यातले तिरपे कोन पाहून दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी रीड यांना गवंड्याची पाणसळ (स्पिरिट लेव्हल) भेट म्हणून पाठवली होती, कॅमेऱ्यावर ठेवायला. छायालेखक रॉबर्ट क्रास्कर यांना मात्र त्याच कामासाठी ऑस्कर मिळालं.

प्रयोग फसलेही. ‘लेडी इन द लेक’ (१९४७) जवळपास संपूर्ण नायकाच्या डोळ्यांतून दाखवला आहे. नायक दिसतो तो आरशात. कल्पना ऐकायला भन्नाट आहे, पण पाऊण तासात कंटाळा येतो.

सेन्सॉरशिप असताना असे चित्रपट निघाले कसे?

माझ्या मते न्वार समजून घ्यायचा तर या प्रश्नापासून सुरुवात करावी. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोडची, म्हणजे चित्रपटधंद्याने स्वतःला घालून घेतलेल्या नियमावलीची, अंमलबजावणी कडक झाली होती आणि ती राबवणारे जोसेफ ब्रीन प्रत्येक पटकथेवर नजर ठेवून होते. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. खुनाची पद्धत तपशिलात दाखवायची नाही. व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये. जेम्स केन यांची ‘डबल इंडेम्निटी’ची कथा १९३५ मध्ये स्टुडिओंकडे फिरली तेव्हा ब्रीन यांच्या कार्यालयाने असं पत्र धाडलं की कुणी तिला हातच लावेना. आठ-नऊ वर्षांनी दिग्दर्शक वाइल्डर आणि चँडलर यांनी मिळून तिची पटकथा लिहिली.

त्यांनी काय केलं पाहा. विम्याच्या पैशासाठी नेफ आणि डीट्रिक्सनची बायको फिलिस तिच्या नवऱ्याचा काटा काढतात. नवरा, बायको गाडीत आहेत, बायको गाडी चालवतेय आणि नेफ पुढच्या सीटमागे दबा धरून बसलाय. ती आडरस्त्याला गाडी घेते आणि ठरल्याप्रमाणे तीनदा हॉर्न वाजवते. खून होतो तो शेजारच्या सीटवर. कॅमेरा मात्र तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. फिलिस झालेली बार्बरा स्टॅनविक समोर बघत राहते, ओठांच्या कडांवर जेमतेम जाणवेल असं समाधान. खून दाखवायची परवानगी असती तर हा चेहरा आपल्याला मिळाला असता का, शंकाच आहे. शय्यादृश्याचंही तेच: दृश्य विरघळतं, परत येतं तेव्हा नेफ कोचावर सिगारेट ओढत पडलाय आणि ती लिपस्टिक नीट करतेय. मधलं प्रेक्षकाने समजून घ्यायचं.

आणि ती सक्तीची शिक्षा? कोडला हवी होती नीती. शेवटच्या रिळात पोलीस आले, पाप्याला पकडलं, झालं. या मंडळींनी तीच शिक्षा उचलून पहिल्या रिळात आणून ठेवली. माणूस वाचणार नाही हे आधीच ठरलेलं असेल, तर ‘पकडला जाईल का’ हा प्रश्नच उरत नाही. कसा बुडाला, एवढंच पाहायचं राहतं. सेन्सॉरच्या नियमाची त्यांनी नियती करून टाकली. न्वारच्या बहुतेक लकबींची कुळकथा अशीच आहे. आधी अडचण, मग पळवाट, आणि पळवाटेचीच पुढे रीत झाली.

म्हणूनच का इतके फ्लॅशबॅक आणि पार्श्वनिवेदन?

हो. ‘डबल इंडेम्निटी’ सुरू होतो तो नेफ गोळी लागलेल्या अवस्थेत मध्यरात्री ऑफिसात शिरतो तिथून. डिक्टाफोन, म्हणजे आवाज नोंदवून ठेवणारं यंत्र, समोर घेऊन तो कबुलीजबाब देऊ लागतो: पैशासाठी आणि एका बाईसाठी खून केला, पैसे मिळाले नाहीत, बाईही मिळाली नाही. सगळी गोष्ट पहिल्या काही मिनिटांत उघड. मग पुढचा दीड तास आपण का बसून राहतो? कारण प्रत्येक वळणावर तो अजूनही मागे फिरू शकला असता असं वाटत राहतं, आणि तो फिरला नाही हे आपल्याला माहीत असतं. शेवट सांगितल्याने न्वार बिघडत नाही तो यामुळे.

या युक्तीने मंडळींना झपाटून टाकलं होतं. ‘डी.ओ.ए.’ (१९५०) मध्ये एक माणूस पोलीस चौकीत येऊन स्वतःच्याच खुनाची फिर्याद देतो. त्याच्या पोटात विष गेलेलं आहे आणि हाती थोडेच तास आहेत. ‘सनसेट बुलेवार्ड’ (१९५०) चा निवेदक पोहण्याच्या तलावात पालथा तरंगणारा मुडदा आहे. आधी याची सुरुवात शवागारात होती आणि प्रेतं आपसांत बोलत होती. चाचणी खेळात प्रेक्षक खो खो हसले, म्हणून ती काढली. ‘द किलर्स’ (१९४६) मध्ये मारेकरी दाराशी आलेले असतानाही नायक अंधारात बिछान्यावर पडून राहतो, पळत नाही. हेमिंग्वे यांची कथा इथेच संपते. चित्रपटाने त्यानंतरचा सारा वेळ तो का पळाला नाही हे शोधण्यात घालवला.

सगळ्यांत बोलकं उदाहरण ‘मिल्ड्रेड पियर्स’ (१९४५) चं. केन यांच्या कादंबरीत खून नाही. नवऱ्याशी फारकत झालेली बाई उपाहारगृह काढून मोठी होते आणि लाडावलेल्या मुलीपायी धुळीला मिळते, अशी ती घरगुती कहाणी. चित्रपटाने सुरुवातीला एक खून घातला, पोलीस चौकी घातली आणि तीच कहाणी जबानी म्हणून सांगितली. तेवढ्याने तिची जात बदलली.

फेम फताल म्हणजे फक्त वाईट बाई का?

फेम फताल म्हणजे न्वारमधली ती जीवघेणी बाई. ती देखणी असते, हुशार असते, पुरुषाला वापरते आणि बहुधा मरते. ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) मधली जेन ग्रीअर दुपारच्या उन्हातून अंधाऱ्या कॅफेत येते तेव्हा रॉबर्ट मिचमसारखा गडीही गार होतो. युद्धकाळात लाखो स्त्रिया कारखान्यांत कामाला लागल्या, हाती पैसा आला, आणि परतलेल्या पुरुषांना त्याची धास्ती वाटली. त्या धास्तीनेच ही बाई घडवली, अशी मांडणी नेहमी केली जाते. त्यात तथ्य आहे, पण केन यांच्या कादंबऱ्या युद्धाच्या आधीच्या आहेत हेही ध्यानात ठेवावं.

मला तरी बऱ्याच चित्रपटांत आपल्याला काय हवंय हे पक्कं ठाऊक असलेलं एकमेव पात्र तीच वाटते. पुरुष कथा सांगतो, म्हणून सगळा दोष तिच्या माथी. नेफ विमा व्यवसायात मुरलेला. रेल्वे अपघातात मृत्यू आला तर दुप्पट रक्कम मिळते, ५० हजारांचे लाख डॉलर होतात, ही क्लृप्ती त्याची. कंपनीला गंडा घालायचा विचार आपल्या डोक्यात कधीचा घोळत होता, असं तो स्वतःच सांगतो. तिच्या पायातली साखळी पाहून तो घसरला खरा, पण घसरायला एका पायावर तयारच होता! आणि सगळ्याच न्वार बायका घातकी नसतात. ‘फँटम लेडी’ (१९४४) मध्ये फाशीच्या वाटेवरच्या साहेबाला सोडवायला त्याची सेक्रेटरी रात्रीचं शहर एकटी पालथं घालते.

डिटेक्टिव्ह असावाच लागतो?

नाही. हॅमेट यांचा सॅम स्पेड आणि चँडलर यांचा फिलिप मार्लो या गुप्तहेरांमुळे हा समज पक्का झाला आहे. निम्म्याहून अधिक नामांकित न्वारमध्ये खासगी गुप्तहेर औषधालाही सापडत नाही.

हॅट, ओव्हरकोट, सिगारेट?

त्या काळी शहरातले पुरुष तेच घालायचे आणि तेच ओढायचे. हॅटच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते आणि धुरात प्रकाशाचा झोत दिसतो, हा छायालेखकांना फुकटचा लाभ. मात्र एक सिगारेट लक्षात ठेवण्याजोगी. ‘डबल इंडेम्निटी’भर नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून आपला वरिष्ठ कीज याची सिगार पेटवून देत असतो, कारण कीजच्या खिशात काडी कधीच नसते. शेवटच्या दृश्यात नेफ दारात कोसळलेला असतो आणि कीज त्याची सिगारेट पेटवतो. चित्रपटातलं खरं प्रेम या दोघांतलं आहे, असं म्हणणारे चुकत नाहीत. नेफला गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड देतानाचं दृश्यही वाइल्डर यांनी चित्रित केलं होतं. ते त्यांनी गाळलं, ते बरंच झालं.

नेहमी रात्र, शहर आणि पाऊस?

रस्ते ओले असतात कारण कोरडं डांबर कृष्णधवल फिल्मवर रात्री नुसता काळा पट्टा दिसतं. पाणी मारलं की दिवे त्यात चमकतात. पाऊस पडायलाच हवा असं नाही, पाण्याचा पाइप पुरतो. शहर बहुधा लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्को. १९४८ च्या ‘द नेकेड सिटी’ने न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर कॅमेरा नेला आणि न्वारला वार्तापटाची कळा आली. उलट ‘ऑन डेंजरस ग्राउंड’ (१९५१) चा उत्तरार्ध खेड्यातल्या बर्फात घडतो.

‘द बिग स्लीप’ दोनदा पाहिला, तरी खुनी कोण ते कळलं नाही. माझंच चुकतंय का?

नाही. ड्रायव्हरचा खून कुणी केला हे चित्रीकरण करणाऱ्यांनाही उमगेना, म्हणून त्यांनी चँडलर यांना विचारलं, आणि त्यांनाही सांगता आलं नाही, असा किस्सा सांगितला जातो. बोगार्ट आणि बकॉल यांचं बोलणं ऐका, धागे सोडून द्या.

आवाजाचं काय?

संवाद तोडीस तोड, तिरकस, कोरडे. संगीतात ‘डबल इंडेम्निटी’ आणि ‘द किलर्स’ या दोन्हींचे संगीतकार मिक्लोश रोझा. पण आवाजाचा सर्वांत धाडसी वापर म्हणाल तर ‘द बिग कॉम्बो’मधला. एका बहिऱ्या गुंडाला मारायचं असतं. त्याचा बॉस दया म्हणून आधी त्याच्या कानातलं यंत्र काढून घेतो, म्हणजे त्याला गोळ्या ऐकू यायच्या नाहीत. त्या क्षणी आपल्यालाही आवाज बंद होतो. मशिनगन ठिणग्या टाकत राहते, पडदा मुका.

रंगीत चित्रपट न्वार असू शकतो?

‘लीव्ह हर टू हेवन’ (१९४५) पाहा. टेक्निकलरमधलं निळंशार तळं, भरदुपार, काळा चष्मा लावून होडीत बसलेली बाई आणि पाण्यात बुडणारा एक मुलगा. सावली औषधालाही नाही, तरी अंगावर काटा येतो.

आणि ‘कॅसाब्लांका’?

नाही. तिथे माणूस शेवटी योग्य तेच करतो.

हा काळ संपला कधी?

ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) वर पडदा पाडण्याची प्रथा आहे. सरहद्दीवरच्या गावात गाडीत बॉम्ब ठेवला जातो तिथपासून सुरू होणारा त्याचा पहिला शॉट तीन मिनिटांहून अधिक वेळ न तुटता चालतो. कारणं धंद्याची होती. टीव्ही घराघरांत आला, गुन्हेकथा फुकट दिसू लागल्या, आणि पडद्याने रंग व रुंदी यांवर भर दिला. १९४८ मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्टुडिओंना आपली चित्रपटगृहं सोडावी लागली आणि एका तिकिटात दोन खेळांच्या आधारावर जगणारे स्वस्त चित्रपट आटले.

त्यानंतर आला तो नियो-न्वार: ‘चायनाटाउन’ (१९७४), ‘बॉडी हीट’ (१९८१), ‘ब्लेड रनर’ (१९८२). इथे कोडचा धाक नाही, त्यामुळे खलनायक सुखरूप सुटूही शकतो. ‘चायनाटाउन’मध्ये सुटतोच. यातल्या बऱ्याच जणांनी पट्ट्यांच्या सावल्या घेतल्या, अडचण मात्र त्यांच्याकडे नव्हती, आणि तो फरक पडद्यावर जाणवतो.

हिंदी चित्रपटांत न्वार होता का?

होता, आणि त्याचं एक टोक पुण्यात आहे. प्रभात स्टुडिओत नोकरीला असताना देव आनंद आणि गुरुदत्त यांची मैत्री झाली. देव आनंद यांनी नवकेतन काढल्यावर गुरुदत्तना दिग्दर्शनाची पहिली संधी दिली, ती ‘बाजी’ (१९५१). पटकथा बलराज साहनी यांची. जुगारी नायक, क्लब, सिगारेट, अंधारी गल्ली, सगळं मुंबईत आणून बसवलेलं. व्ही. के. मूर्ती या चित्रपटात कॅमेऱ्यावर साहाय्यक होते. त्यांची नजर गुरुदत्तनी हेरली आणि ‘जाल’पासून (१९५२) छायालेखनाची धुरा त्यांच्यावर दिली. पुढे ‘आर पार’ (१९५४) आणि गुरुदत्तनी निर्माण केलेला, राज खोसला दिग्दर्शित ‘सी.आय.डी.’ (१९५६) आले. त्याआधीच ‘महल’चे (१९४९) छायालेखन योसेफ विर्शिंग यांनी केलं होतं. हे म्युनिकहून मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आलेले. म्हणजे जर्मन सावली मुंबईला हॉलिवूडला वळसा न घालता थेटही पोहोचली होती. ‘महल’ अर्थात भूतकथेच्या वाटेवरचा, पण त्या हवेलीतले दिवे पाहाच.

फरक मोठा आहे तो नायकात. हॉलिवूडचा न्वार नायक दोषी असतो, आपला नायक बहुधा परिस्थितीने लोटलेला आणि शेवटी निर्दोष सुटणारा. फेम फतालचेही आपण दोन तुकडे केले: क्लबात गाणारी नर्तकी एक आणि घरची नायिका दुसरी. नर्तकी मनाची चांगली निघते आणि गोळी झेलून जाते, ‘बाजी’त गीता बालीचं हेच होतं. मग गाणी. न्वारमध्ये गाण्याला जागाच नाही असं वाटेल, पण क्लबातलं गाणं हीच इथे धोक्याची सूचना देण्याची जागा ठरली.

मराठीत?

तशी धारा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेला मोठा वाचक होता, पण तिथे नायक अन्यायाला पुरून उरणारा. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा उत्तम रहस्यपट. राज खोसलांनी त्यावरूनच ‘मेरा साया’ काढला. रहस्य मात्र उलगडतं आणि मळभ जातं, तेव्हा त्याला न्वार म्हणणं ओढूनताणून होईल. पुण्यात घडणारा खराखुरा न्वार हवा असेल तर तो हिंदीत आहे: श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८). आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक आणि तब्बूची सिमी. नेफ आणि फिलिसचे वंशज शोभतात.

सुरुवात कुठून करू?

‘डबल इंडेम्निटी’, मग ‘आउट ऑफ द पास्ट’, मग ‘डीटूर’. ‘द बिग स्लीप’ पहिला पाहू नका, उगाच धीर सुटेल. ‘डीटूर’ आणि ‘डी.ओ.ए.’ अमेरिकेत स्वामित्वहक्काबाहेर गेलेले आहेत, त्यामुळे इंटरनेटवर सहज मिळतात, पण बहुतेक प्रती खराब असतात. काळा रंग करडा झालेला, चेहरे धुतल्यासारखे. ‘डीटूर’ची २०१८ मध्ये दुरुस्त केलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. टीव्हीवर पाहणार असाल तर चित्र आपोआप उजळ करणारं सेटिंग आधी बंद करा आणि खोलीतला दिवा मालवा, नाहीतर साइट्झ आणि ऑल्टन यांनी विझवलेला फिल लाइट तुमचा टीव्ही परत लावून बसेल.